खोगिराआधी खरारा

मार्चअखेर परीक्षा उरकत आल्या की पुण्या-मुंबईत उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकायला लागतात. पोहणं, स्केटिंग, नाट्यवर्ग, रोबोटिक्स आणि त्यांच्याच रांगेत घोडेस्वारी. वयोगट सहा ते सोळा, वेळ सकाळी सहा ते साडेआठ, येताना पूर्ण पँट, बूट आणि पाण्याची बाटली. नाशिक, कोल्हापूर, नागपुरातही अशी शिबिरं भरतात आणि आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मी स्वतः अशा शिबिरात शिकले, पुढे कित्येक उन्हाळे तिथे मदतीला उभी राहिले आणि भाचरांना सोडायला-आणायला इतर ठिकाणच्या शिबिरांतही गेले. या साऱ्या काळाकडे पाहताना समाधान वाटतं आणि एक खंतही वाटते. मुलं वाढली, सुरक्षितता वाढली, मुलींची संख्या तर डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. घटला तो घोड्याशेजारी जमिनीवर उभं राहून घालवायचा वेळ. माझ्या मते शिबिराचं खरं शिक्षण त्या वेळातच होतं.

ज्या मुलखाच्या बखरींत बारगीर आणि शिलेदार पानोपानी भेटतात, त्या मुलखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडा उरला होता तो संस्थानिकांच्या पागेत, लष्कराच्या छावणीत, शर्यतीच्या मैदानावर, टांग्याला आणि वरातीत. शाळकरी मुलाला रिकिबीत पाय घालायला मिळावा अशी सोय झाली ती लष्करी शिक्षणाच्या ओढीतून. पुण्यात १९२८ साली नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि त्याच आवारात १९३२ साली श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झालं. नाशिकला डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल काढलं. दोन्हीकडे घोडेस्वारी हा शिक्षणाचा भाग. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४२ साली अमॅच्युअर रायडर्स क्लब स्थापन झाला, पण ते जग वेगळं होतं. गिरगाव-दादरच्या चाळीतलं मूल तिथवर पोचत नव्हतं. त्याच्या वाट्याला चौपाटीवरची एखादी फेरी, नाहीतर माथेरानची सहल. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून घोडा तिथे आजही रोजच्या उपयोगाचा आहे, आणि कित्येक मराठी घरांतल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी आयुष्यातली पहिली स्वारी तिथल्या लाल मातीवर केली आहे. घोडेवाला लगाम धरून पुढे, मूल वर जीव मुठीत धरून बसलेलं. त्यात शिकणं नसायचं, पण ओढ तिथेच लागायची.

मुलांच्या घोडेस्वारीला पद्धतशीर रूप दिलं ते ब्रिटनमधल्या पोनी क्लबनं. १९२९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा नमुना पुढे अनेक देशांनी उचलला. अमेरिकेत १९५४ साली तिच्याच धर्तीवर संघटना उभी राहिली. त्यांच्या परीक्षा 'डी'पासून 'ए'पर्यंत चढत जातात आणि स्वारीबरोबर घोड्याची निगाही तपासली जाते. १९५७ पासून ब्रिटनमध्ये प्रिन्स फिलिप चषकासाठी मुलांचे घोड्यावरचे खेळ होतात. महागडा घोडा नसलेल्या मुलांनाही साध्या पोनीवर बसून चुरशीनं खेळता यावं, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडच्या शिबिरांत शेवटच्या दिवशी होणारी लिंबू-चमचा किंवा झेंडे गोळा करण्याची शर्यत त्याच कुळातली. आपण खेळ उचलले. निगेची परीक्षा मात्र उचलली नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पुण्यात अशी शिबिरं रुजायला सगळं जवळ होतं. रेसकोर्स, लष्कराची दक्षिण कमांड, १९५५ पासून खडकवासल्याला असलेली एनडीए. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मिळत, नालबंद मिळत आणि घोडदळात आयुष्य काढलेली माणसं शिकवायला मिळत. मी शिकले ते अशाच एका निवृत्त रिसालदारांच्या हाताखाली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. शिबिर म्हणजे पत्र्याचा तबेला, कडुनिंबाची सावली आणि कुंपण घातलेलं चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मातीचं रिंगण. कडेनं पांढऱ्या डब्यांवर रंगवलेली अक्षरं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. ड्रेसाजच्या रिंगणाला जगभर हीच अक्षरं असतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पहिले काही दिवस पाठीवर कुणाला बसवत नसत. आधी जवळ जायला शिकायचं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून थेट समोरून किंवा मागून जायचं नाही. डाव्या खांद्याच्या दिशेनं, बोलत बोलत जायचं. हात आधी मानेवर. मग खरारा: मानेपासून सुरू करून पाठ, पोट, पुठ्ठे. दुसरा हात सतत घोड्याच्या अंगावर टेकलेला, म्हणजे त्यानं अंग आक्रसलं की आपल्या हाताला आधी समजतं. खोगीर बसतं त्या जागी तळहात दाबून फिरवायचा. गरम लागतंय का, सूज आहे का, घोडा पाठ खाली दबवतोय का. मग एकेक पाय उचलून खुरातली माती आणि खडे हुकानं काढायचे, टाचेकडून पुढच्या टोकाकडे. एवढ्याशा मुलाला घोड्याचा पाय पेलेल कसा, असं बघणाऱ्याला वाटतं. पण खांद्याशी खेटून उभं राहिलं आणि पायावरून हात हळूहळू खाली नेला की शिकलेला घोडा स्वतःच पाय उचलून देतो. पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हातात चारशे किलोंच्या जनावरानं असा विश्वासानं पाय दिला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी पुढे मदतनीस म्हणून पुष्कळदा पाहिलं. त्यासाठीच दर उन्हाळ्यात परत जात राहिले.

तंग आवळण्याचाही धडा असे. खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवतात. तेव्हा आवळलेला तंग चार पावलं चालल्यावर सैल पडतो आणि खोगीर फिरून स्वार खाली येतो. म्हणून घोडा थोडा चालवायचा, तंग पुन्हा तपासायचा, मगच रिकिबीत पाय. चढायचं डाव्या बाजूनं, कारण स्वाराची तलवार डाव्या कमरेला लटकायची. तलवारी गेल्या, पद्धत राहिली. त्यापुढे लाँजच्या दोरीवर रिकिबीशिवाय गोल गोल फिरणं. रिसालदारसाहेबांच्या आज्ञा लष्करी हिंदीत: 'एडी नीचे, नजर सामने, हाथ नरम.' ट्रॉटच्या लयीत ऊठ-बैस जमेपर्यंत मांड्या सोलवटून निघत. तोल जातोय असं वाटलं तर लगाम ओढायचा नाही, आयाळ धरायची. लगामाचं कडियाळं घोड्याच्या तोंडात असतं. आपल्या भीतीचा त्रास त्याच्या जिभेला का, असा त्यांचा सवाल असे. जो पडेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या घोड्यांसाठी गूळ आणायचा. त्यामुळे पडण्याची लाज कुणाला उरली नव्हती.

उतरलं म्हणजे संपलं, असंही नसे. प्रत्येकानं आपल्या घोड्याच्या बरगड्यांमागची हालचाल पाहत मिनिटभर श्वास मोजायचे. विसावलेल्या घोड्याचे श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६. आकडा तिथवर उतरेपर्यंत घोडा सावलीत सावकाश चालवायचा, मग पाणी, मग चंदी. शाळेतलं गणित नकोसं वाटण्याचं ते वय, पण हे मोजमाप कुणी टाळत नसे. आपण ज्याला दमवलं त्याचा दम ओसरेपर्यंत थांबायचं, एवढा साधा हिशेब त्यात होता.

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं. आशियाई खेळांत घोडेस्वारी तेव्हा पहिल्यांदाच आली आणि भारतानं तीन सुवर्णपदकं जिंकली: रघुबीर सिंग यांचं इव्हेंटिंगमधलं वैयक्तिक, त्याच प्रकारातलं सांघिक आणि रुपिंदर सिंग ब्रार यांचं टेंट पेगिंगमधलं. रंगीत दूरदर्शन नुकतंच आलं होतं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे नाव नोंदवायला पालकांची गर्दी झाली. पण शिबिरानंतर पुढे काय, याला उत्तर नव्हतं. भारतीय घोडेस्वारी महासंघ १९६७ पासून होता, तरी खेळाचा कणा लष्करी तुकड्यांचाच राहिला. साध्या घरातल्या मुलाला ना घोडा परवडत होता, ना वर्षभर शिकवणारं कुणी होतं. ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत १९९६ साली इंद्रजीत लांबा आणि २००० साली इम्तियाज अनीस उतरले, आणि मग वीस वर्षं कुणीच नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेकांची स्वारी दहावीच्या वर्षी थांबली.

१९९० नंतर चित्र पालटलं. घरांत पैसा खेळू लागला, मुलांसाठी काहीतरी निराळं हवं होतं, शहरांभोवती फार्महाउसं उभी राहत होती. पुण्याच्या आसपास, कर्जत-पनवेलच्या बाजूला खासगी तबेले आले आणि त्यांच्या जोडीनं शिबिरं. २००८ साली स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' मालिका सुरू झाली, तेव्हा तर सहा-सात वर्षांची पोरं 'मला महाराजांसारखं बसायचंय' म्हणत येत. या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुलींचा प्रवेश. आमच्या वेळी रिंगणात मुली मोजक्याच; पुढे निम्म्याहून अधिक मुली असलेल्या तुकड्या मी पाहिल्या. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात, पण तिथेही स्त्रियांना दार उघडलं ते टप्प्याटप्प्यानं: ड्रेसाजमध्ये १९५२ साली, शो जंपिंगमध्ये १९५६ साली आणि इव्हेंटिंगमध्ये १९६४ साली. ताराबाईंची आणि झाशीच्या राणीची चित्रं भिंतीवर लावून घरच्या मुलीला मात्र 'पडशील, हातपाय मोडतील' म्हणून घोड्यापासून लांब ठेवणारी घरं मला ठाऊक आहेत. त्याच घरांतल्या नाती आज कॅन्टर करतात, याचा मला फार आनंद आहे.

पण याच काळात शिबिराच्या वेळाला कात्री लागत गेली. कित्येक ठिकाणी मुलाची गाडी फाटकाशी थांबते तेव्हा घोडा खोगीर कसून तयार उभा असतो. मदतनीस मुलाला उचलून वर ठेवतो, चार-पाच चकरा होतात, फोटो निघतो आणि मूल उतरून थेट गाडीत बसतं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि पदक. मुलाला आपल्या घोड्याचं नाव माहीत असतं, त्याच्या पाठीवरून त्यानं कधी हात फिरवलेला नसतो. आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. एका शिबिरात पहाटे मुलांना घेऊन फिरणारी पांढरी घोडी आदल्या रात्री उशिरापर्यंत वरातीत नाचवलेली होती. तिच्या कपाळावर चमकीचे कण तसेच होते आणि तंगाच्या जागी कातडी सोलवटली होती. पाठीवरचं मूल आनंदानं हात हलवत होतं, कुंपणापलीकडून पालक फोटो काढत होते आणि त्यांच्यापैकी एकालाही ती जखम दिसली नाही. खरारा करणाऱ्या मुलाला ती पहिल्या मिनिटाला दिसली असती. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवणारा निकाल उच्च न्यायालयानं २०१५ साली दिला, तेव्हा गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या हालांवर भरपूर चर्चा झाली. ती चर्चा मुलांच्या शिबिरांच्या फाटकापर्यंत आलीच नाही. जमिनीवरचं काम काढून टाकलेल्या शिबिरात घोड्याचे हाल होतात आणि मुलाचीही फसवणूक होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुधारणा झाल्या त्याही मोठ्या आहेत. आम्ही सुती टोपी घालून बसायचो. आज हनुवटीखाली पट्टा बांधलेलं हेल्मेट नसेल तर कुठलंही नेटकं शिबिर मुलाला रिंगणात घेत नाही. आंतरराष्ट्रीय ड्रेसाज स्पर्धांतही टॉप हॅट जाऊन २०२१ पासून हेल्मेट सक्तीचं झालं. पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू नये म्हणून टाच असलेले बूट मागतात. तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून लस घेतली आहे का हे विचारतात. उन्हाविषयीची समजूतही बदलली. घामेजलेल्या घोड्यावर रिसालदारसाहेब गार पाणी ओतू देत नसत. स्नायू आखडतात, असं त्यांच्या पिढीला शिकवलेलं होतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या दमट उन्हाळ्यासाठी तयारी करताना जे अभ्यास झाले त्यांनी उलटंच दाखवलं: तापलेल्या घोड्याला थंड करायचा सर्वांत जलद उपाय म्हणजे त्याच्या अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहणं. पुण्यात पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा हे ठाऊक असणं फार गरजेचं. घोड्याला दिवसाकाठी २५ ते ५० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणखी. ज्यांना हे कळतं ते रिंगणातलं काम उन्हं चढायच्या आत आटोपतात.

२०२० चा उन्हाळा कोरा गेला. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात शिबिरं बंद. घोड्याच्या पोटाला मात्र सुट्टी नसते. दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यासाठी घडलेला तो प्राणी. चाऱ्याची आबाळ झाली की पोटशूळ, आणि घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. माथेरानला पर्यटक थांबले तसा घोडेवाल्यांपुढे चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला आणि बाहेरून लोकांनी खुराक पाठवला. शहरांतल्या लहान तबेल्यांची वर्षाची कमाई बरीचशी दोन महिन्यांच्या शिबिरांवरच अवलंबून, त्यांची तर कंबरच मोडली. आमच्या शिबिरातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी चंदीसाठी वर्गणी काढली. पैसे पाठवणाऱ्यांत बहुतेक जण खरारा करून शिकलेले होते, आणि त्यांनी पैशांबरोबर विचारलं ते घोड्यांची नावं घेऊन.

खेळाच्या अंगानं अलीकडची वर्षं उमेदीची आहेत. २०१८ साली जाकार्ताला फवाद मिर्झानं इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक आणि सांघिक रौप्य मिळवलं. वैयक्तिक पदक १९८२ नंतर पहिल्यांदाच आलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो २३ वा आला. हांगझौला २०२३ साली अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण. चौघांपैकी कुणीही फौजी नाही, दोन मुली आहेत आणि हृदय तर मुंबईचा. त्यांना सरावासाठी युरोपात राहावं लागलं, एवढाच काय तो काटा. लहानपणीच्या रिंगणापासून पदकापर्यंतची वाट अजून परदेशातूनच जाते आणि ती फार थोड्या घरांना परवडते.

सगळ्याच मुलांना पदक हवं असतं असं नाही. त्यांना घोडा हवा असतो, आणि तो त्यांच्या मापाचा असावा. शर्यतीतून उतरलेला थरोब्रेड पाच फुटांहून उंच आणि स्वभावानं तापट. सात वर्षांच्या मुलासाठी तो घोडाच नव्हे. आपल्या दारात भीमथडी आहे. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगरच्या माळांवर मेंढ्यांमागे फिरणारे धनगर बांधव बिऱ्हाड वाहायला हा घोडा पाळतात. उंचीनं बेताचा, काटक, माणसांत वाढलेला, ऊन अंगवळणी पडलेला. अलीकडेच देशातल्या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली आहे. सारंगखेड्याच्या बाजारातून उंचेपुरे, देखणे घोडे आणण्याआधी शिबिरचालकांनी या घोड्याकडे बघावं, असं मी भेटेल त्याला सांगत असते. मुलांना शिकवायला भीमथडी आणला तर धनगरांच्या पदरात चार पैसे पडतील आणि जातही टिकेल.

काही शिबिरांनी विशेष मुलांसाठी वेगळी तुकडी सुरू केली आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय हा मागोवा पुरा होणार नाही. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं ड्रेसाजचं रौप्य जिंकलं, तेव्हा पोलिओमुळे तिला घोड्यावर चढा-उतरायला माणूस लागत असे. त्या पदकानंतर उपचार म्हणून घोडेस्वारीला जगभर जोर आला. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीची लय बसलेल्याच्या कमरेला चालण्यासारखीच हालचाल देते. या तुकड्यांत घाई चालत नाही, म्हणून जुनी पद्धत तिथे सर्वांत नीट टिकली आहे: आधी हात, मग खरारा, मग पाठ.

येत्या एप्रिलमध्ये मुलाचं नाव घालण्याआधी पालकांनी एकदा पहाटे, न कळवता, तबेल्यात जाऊन यावं. एक घोडा दिवसाला किती मुलांना घेतो, रात्री वरातीला जातो का, नालबंद आणि पशुवैद्य शेवटचे कधी येऊन गेले, हे विचारावं. खोगीर उतरवून पाठ दाखवा, असं सांगावं. जो आढेवेढे न घेता दाखवेल आणि तुमच्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी खरारा देईल, त्याच्याकडेच पैसे भरा.